धामण सरकारची, अजगर आफ्रिकेचा

मुळशीत इतिहासावर बोलायला उभं राहिलं की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, टाटांचं धरण. त्यावर पुष्कळ बोललं गेलं आहे आणि पुढेही बोललं जावं. आज मात्र आमच्या विषयात माणसं कमी आणि सरपटणारे प्राणी जास्त आहेत. संयोजकांनी विचारलं, "सर, विषयाचं नाव काय टाकायचं?" आम्ही म्हटलं, "सरपटणारे प्राणी पाळण्याच्या आणि आयात करण्याच्या कायद्याचा इतिहास." फोनवर क्षणभर शांतता पसरली. तरी आज आपण एवढ्या संख्येने आलात, म्हणजे सापाचं आकर्षण अजून टिकून आहे असं समजायला हरकत नाही.

एका कल्पित उदाहरणापासून सुरुवात करू. ताम्हिणीच्या वाटेवर भाताच्या खाचराच्या बांधाला एका शेतकऱ्याच्या पोराला धामण सापडली. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, शेतकऱ्याची मैत्रीणच. पोराने ती पकडली आणि हौसेने पेटीत ठेवली. हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ नुसतं मारणं एवढाच नाही, पकडणं हीसुद्धा शिकारच. त्याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे ती धामण सरकारची मालमत्ता. आता याच मुळशी तालुक्यात, हिंजवडीला, एका उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या कुणीतरी पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन पाळला आहे. काचेची पेटी, खाली गरम पॅड, आठवड्याला एक उंदीर. त्याच्याकडे योग्य कागद असले आणि त्याने नोंदणी केलेली असली, तर तो गुन्हेगार नाही.

एक तालुका, दोन साप, दोन माणसं. हे असं का झालं, हा आजचा प्रश्न. याला "सरकारचा मूर्खपणा" असं उत्तर द्यायचा मोह होतो. ते उत्तर सोपं आहे, पण चूक आहे. यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातली प्रत्येक पायरी त्या त्या वेळी शहाणपणाचीच वाटली होती.

इंग्रजी अमलापासून सुरू करू. एकोणिसाव्या शतकात सरकारच्या लेखी साप म्हणजे मृत्यूच्या आकडेवारीतला एक रकाना. सर्पदंशाने किती रयत मेली याचे तक्ते जिल्ह्याजिल्ह्यातून मागवले जात. जोसेफ फेररने १८७२ साली भारतातल्या विषारी सापांवर मोठा सचित्र ग्रंथ काढला, तो याच चिंतेतून. आणि उपाय काय, तर बक्षीस. साप मारून आणा, पैसे घेऊन जा.

इथे आपल्या कोकणाचा दाखला फार महत्त्वाचा आहे. रत्नागिरी जिल्हा हा फुरशांचा जिल्हा. फुरसं आकाराने लहान, दगडाखाली बसणारं, अंग अंगावर घासून करवतीसारखा आवाज काढणारं. विडाल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८९० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. उत्तर कानडातल्या विषारी सापांची यादी आणि रत्नागिरीतल्या फुरशांविषयीची निरीक्षणं असा त्याचा विषय. बक्षिसासाठी मारून आणलेल्या फुरशांची त्याने दिलेली सहा वर्षांची सरासरी दरवर्षी सव्वादोन लाखांच्या वर जाते. एका जिल्ह्यात, एका जातीच्या सापाची! आणि तरी फुरसं संपलं नाही. आजही कोकणात उन्हाळ्यात गवत काढणारा माणूस हात घालण्याआधी काठी घालतो.

बक्षिसाचा विषय निघाला की श्रोत्यांमधून कुणीतरी हमखास ती दिल्लीची गोष्ट सांगतं. इंग्रजांनी नागावर बक्षीस लावलं, लोकांनी नाग पाळायला सुरुवात केली, बक्षीस बंद झालं, लोकांनी नाग सोडून दिले, आणि नाग पूर्वीपेक्षा वाढले. अर्थशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट फार लाडकी आहे. हॉर्स्ट सीबर्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये आपल्या पुस्तकाचं नावच त्यावरून ठेवलं. पण इतिहासाच्या माणसाने इथे थांबून विचारायला हवं की याचा कागद कुठे आहे? या गोष्टीला भक्कम पुरावा दाखवला जात नाही. चांगली गोष्ट आणि खरी गोष्ट यांत फरक असतो. आमच्या मते रत्नागिरीचा कोरडा आकडा त्या चटकदार गोष्टीपेक्षा जास्त सांगतो. राज्यसत्तेचा आणि सापाचा पहिला करार कसा होता, तर मेलेला साप आणा आणि पैसे न्या. जिवंत सापाचं काय करायचं, याला कायद्यात जागाच नव्हती.

पुढे १८८७ मध्ये वन्य पक्ष्यांसाठी कायदा झाला आणि १९१२ मध्ये पक्षी आणि प्राणी दोघांसाठी. त्या १९१२ च्या कायद्याची अनुसूची वाचण्यासारखी आहे. तितर आहेत, बदकं आहेत, हरणं, गवे, गेंडे, ससे आहेत. साप नाही, घोरपड नाही, कासव नाही. कारण उघड आहे. ती यादी शिकाऱ्याच्या नजरेने केलेली होती. ज्याची शिकार करण्यात शान, त्याचीच विणीच्या हंगामात राखण करायची. घोरपडीचं डोकं भिंतीवर लावून कुणी फोटो काढत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने वन्य प्राणी आणि पक्ष्यांचं संरक्षण हा विषय राज्यांच्या यादीत ठेवला. म्हणजे अमेरिकेसारखंच. तिथे आजही एका राज्यात अजगर पाळायला परवाना लागतो, दुसऱ्यात बंदी असते, तिसऱ्यात कुणी विचारत नाही. आपल्याकडेही तसंच होऊ शकलं असतं. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतःचा कायदा केलाही. ही वाट पुढे चालू राहिली असती तर आज सांगलीतल्या सापाला एक कायदा आणि बेळगावातल्या सापाला दुसरा असता. सापाला सीमाप्रश्न समजला असता की नाही, देव जाणे.

ही वाट बंद झाली ती १९७२ मध्ये, आणि बंद होण्याची पद्धत मोठी लक्षणीय होती. विषय राज्यांचा, मग संसदेने कायदा कसा केला? घटनेत अनुच्छेद २५२ आहे. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून सांगितलं की "आमच्या वतीने तुम्ही कायदा करा", तर संसद राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते. वन्यजीव संरक्षण कायदा असा राज्यांच्या ठरावांवर उभा आहे. आणि अनुच्छेद २५२ मध्ये एक मेख आहे. एकदा हा मार्ग घेतला की राज्याला तो कायदा स्वतःहून बदलता येत नाही, बदल फक्त संसद करते. पुढे १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने वनं आणि वन्य प्राणी हे विषय समवर्ती सूचीत आणले. त्यामुळे आपल्याकडे "सरपटणारे प्राणी पाळण्याचा महाराष्ट्राचा कायदा कोणता?" असं कुणी विचारलं, तर उत्तर असं की कायदा देशाचा, अंमल राज्याच्या वनखात्याचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७२ च्या कायद्याने सापाच्या बाबतीत मोठी उलथापालथ केली. ज्याला मारल्याबद्दल आजोबांना सरकारने पैसे दिले, त्याला मारल्याबद्दल नातवाला सरकार तुरुंगात टाकू शकतं, अशी स्थिती झाली. कायद्याने एवढी सोय मात्र ठेवली की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. ही उलथापालथ कशामुळे झाली? दोन गोष्टी होत्या. एक, सापाच्या कातड्याचा धंदा. पट्टे, पर्स, बूट यांसाठी भारतातून सापांची कातडी परदेशी जात होती आणि आकडे प्रचंड होते. दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. सापाविषयीचं ज्ञान बदललं. परळच्या हाफकिन संस्थेत विष काढायला आणि लस बनवायला जिवंत साप लागत. तिथले डॉ. पी. जे. देवरस यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतातल्या सापांवर लिहिलेलं छोटं पुस्तक १९६५ मध्ये आलं आणि सामान्य वाचकाला बहुतेक साप बिनविषारी असतात हे कळायला लागलं. पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ सापांसोबत एका काचेच्या खोलीत ७२ तास काढले. साप विनाकारण चावत नाही, हे लोकांना दाखवण्यासाठी. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. आज गावोगावी 'सर्पमित्र' हा शब्द रुळला आहे. पन्नास वर्षांपूर्वी हा समास कुणी केला असता तर लोक हसले असते.

पण या उलथापालथीची किंमत कुणी दिली, हेही पाहिलं पाहिजे. तमिळनाडूत इरुळा लोक कातड्यासाठी साप पकडत. कातड्याचा धंदा बंद झाल्यावर १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था निघाली. ते साप पकडतात, विष काढतात, साप परत सोडतात आणि विष लस बनवणाऱ्यांना विकतात. कायद्यानेही जीवरक्षक औषधासाठी सर्पविष गोळा करायला परवानगीची वाट ठेवली आहे. आपल्याकडच्या गारुड्यांना मात्र अशी व्यवस्था मिळाली नाही. पुंगी आणि टोपली घेऊन आठवडी बाजारात बसणारा माणूस एका कायद्याने कलावंताचा आरोपी झाला. गारुडी नागाचे दात पाडत, तोंड शिवत, त्यात साप हाल होऊन मरत, हे खरं आहे. बंदी योग्यच होती. पण दात पाडण्यावर बंदी घालणं आणि माणसाच्या पोटाची सोय न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची जबाबदारी कुणी घेतली नाही.

आता बत्तीस शिराळा. सांगली जिल्ह्यातल्या या गावात नागपंचमीला जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक होत असे. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि मिरवणुकीला आळा बसला. गावाने आंदोलनं केली, निवेदनं दिली, निवडणुकीत आश्वासनं घेतली. आणि २०२५ च्या नागपंचमीच्या तोंडावर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २१ जणांना नाग पकडण्याची परवानगी दिली. पण कशासाठी? पूजेसाठी नाही. पारंपरिक ज्ञानाच्या शिक्षणासाठी. कारण कायद्याच्या कलम १२ मध्ये 'शिक्षण' हा शब्द आहे, 'पूजा' हा नाही. आमचा विषय तत्त्वज्ञान. वेदान्तातला साप हा दोरीवर भासणारा साप. तिथे दोरी खरी आणि साप खोटा. इथे नाग खरा आहे, फक्त त्याच्यावर 'शिक्षण' हे नाव चढवलं आहे. शंकराचार्यांना हे उदाहरण मिळालं असतं तर भाष्याची दोन पानं वाढली असती.

इथे आपण मुख्य मुद्द्यापाशी येतो. कायदा साप पाहत नाही, सापाचं नाव पाहतो. १९७२ चा कायदा हा याद्यांचा कायदा आहे. अनुसूचीत नाव असेल तर तुम्ही 'वन्य प्राणी', नसेल तर नाही. आणि १९७२ मध्ये ज्यांनी याद्या केल्या त्यांच्या डोळ्यासमोर भारताचं रान होतं. आफ्रिकेतला अजगर, दक्षिण अमेरिकेतला इग्वाना, अमेरिकेतलं लाल कानाचं कासव कुणी घरात ठेवेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून धामण आत, बॉल पायथन बाहेर. कायद्याने परदेशी प्राण्याला सूट दिली नव्हती. तो प्राणी कायद्याला माहीतच नव्हता.

मग १९९० नंतर काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. बाजार खुला झाला, विमानं वाढली, पगार वाढले, इंटरनेट आलं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात पूर्वी पोपट, ससे आणि मासे विकायला असायचे. हळूहळू सगळीकडच्या दुकानांत काचेच्या पेट्या दिसू लागल्या. 'एक्झॉटिक पेट' हा शब्द मराठीत आला आणि 'एक्झॉटिक भाजी'च्या शेजारी जाऊन बसला. या शब्दाची गंमत पाहा. त्याचा अर्थ फक्त 'बाहेरचा'. बाहेरचा असणं हा काही प्राण्याचा गुण नाही, तो पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो. आपला चांदणी कासव, म्हणजे स्टार टॉर्टॉइज, जपानमध्ये किंवा युरोपात एक्झॉटिक. तिथे त्याला किंमत येते म्हणून इथून त्याची तस्करी होते. आणि इथे? इथे त्याला घरात ठेवलं की भरभराट होते या समजुतीपायी ठेवतात. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय करारात त्याला सर्वांत कडक परिशिष्टात टाकावं लागलं. पुण्याकडून मुळशीत शिरताना लागणाऱ्या बावधनला वनखात्याचं वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. अशा ठिकाणी येणाऱ्या प्राण्यांत बिबटे आणि मोर असतात, तशी लोकांच्या घरांतून काढलेली कासवंही असतात. चुकीचं खाणं खाऊन पाठीचं कवच वेडंवाकडं झालेली.

हा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे 'सायटिस'. १९७३ मध्ये वॉशिंग्टनला झाला, १९७५ पासून लागू झाला आणि भारत १९७६ मध्ये त्यात आला. त्याची तीन परिशिष्टं आहेत. पहिल्यातल्या प्राण्याचा व्यापार जवळजवळ बंद, दुसऱ्यातल्याचा परवान्याने, तिसऱ्यातल्याचा एखाद्या देशाच्या विनंतीवरून देखरेखीने. बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना दुसऱ्या परिशिष्टात. करारावर सही झाली खरी, पण त्याची अंमलबजावणी आपण सेहेचाळीस वर्षं मुख्यतः सीमाशुल्क आणि परकीय व्यापाराच्या कायद्यांनी करत राहिलो. परिणाम असा झाला की कायदा विमानतळाच्या दारापर्यंत होता. बॅगेत साप सापडला तर गुन्हा. दार ओलांडून गेला की तो कुणाचा, कुठून आला, विचारणारं कुणी नाही. सायटिसच्या बैठकांत भारताचा देशांतर्गत कायदा अपुरा म्हणून गणला जात होता, तो याचसाठी.

२०२० च्या जूनमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक सूचनापत्र काढलं. ज्यांच्याकडे परदेशी प्रजातीचे जिवंत प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करावं, कागदपत्रं मागितली जाणार नाहीत. आपल्याकडे पाणीपट्टी आणि वीजबिलाच्या थकबाकीसाठी 'अभय योजना' येते ना, तशीच ही अजगरांची अभय योजना. हजारो लोकांनी प्राणी जाहीर केले. यावर टीका झाली की तस्करी केलेला मालही यात धुऊन निघाला. टीकेत तथ्य होतं. पण दुसरी बाजूही आहे. देशात किती आणि कोणते परदेशी प्राणी आहेत हे सरकारला त्याआधी ठाऊकच नव्हतं. जे मोजलंच नाही त्याचं नियमन कसं करणार? रत्नागिरीच्या कलेक्टर कचेरीत मेलेली फुरशी मोजली जात होती, २०२० पर्यंत आपण जिवंत अजगर मोजत नव्हतो.

त्यानंतर डिसेंबर २०२२ ची दुरुस्ती आली, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या. पहिल्या दोन आपल्या प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची, आणि चौथी संपूर्णपणे सायटिसच्या परिशिष्टांतल्या प्रजातींची. पहिल्यांदाच परदेशी सापाचं नाव भारताच्या वन्यजीव कायद्यात छापलं गेलं. कलम ४९-एम प्रमाणे अशा प्राण्याची नोंदणी सक्तीची झाली. तिचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले. सहा महिन्यांत 'परिवेश' या संकेतस्थळावर अर्ज करायचा, फी एक हजार रुपये. त्यानंतर प्राणी घेतला तर तीस दिवसांच्या आत. पिल्लं झाली तरी कळवा, मेला तरी कळवा, दुसऱ्याला दिला तरी कळवा.

म्हणजे हिंजवडीच्या चौदाव्या मजल्यावरच्या साहेबांना आता फॉर्म भरावा लागतो. ताम्हिणीच्या पोराला फॉर्मही नाही. त्याच्या धामणीसाठी 'पाळणं' हा रकानाच कायद्यात नाही. हा अन्याय आहे का? आम्हाला वाटतं, धामणीच्या बाजूने पाहिलं तर नाही. रानातला प्राणी पाळण्याची मुभा दिली की उद्या बाजारात धामणी विकायला येतील, आणि फुरशांची आकडेवारी आठवा. पण माणसाच्या बाजूने पाहिलं तर सल राहतोच. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची हौस नोंदणीत बसते, ज्याच्याकडे रान आहे त्याची हौस गुन्ह्यात बसते.

आता एक पकडीची घटना, कारण तिच्यात कायद्याच्या सगळ्या कळा दिसतात. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाने, ज्याला आपण डीआरआय म्हणतो, बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून अकरा साप काढले. बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत लपवलेले. नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. बॉल पायथन सायटिसमध्ये आहे. कॉर्न स्नेक, अमेरिकेतला केशरी रंगाचा देखणा साप, सायटिसमध्ये नाही. विमानतळावर याने फरक पडला नाही, कारण परवान्याशिवाय जिवंत प्राणी आणणं सीमाशुल्काच्या कायद्याने दोघांच्याही बाबतीत चूक. पण समजा ते अकराही निसटून पुण्याला पोचले असते. नऊ सापांची नोंदणी लागली असती, दोघांची नाही. शेजारी शेजारी पेट्या, एकाच बॅगेतून आलेले. एकाचं नाव यादीत, दुसऱ्याचं नाही. १९१२ मध्ये तितर आत आणि घोरपड बाहेर होती, तोच प्रकार. यादी बदलली, पण यादीने विचार करण्याची सवय तीच.

यादीत असणं म्हणजे धोकादायक असणं असंही नव्हे, आणि इथे विषय हौसेपलीकडे जातो. सायटिसचा प्रश्न असतो की या प्राण्याच्या व्यापाराने त्याची जात संपेल का. तो चावला तर माणूस मरेल का, हा त्याचा प्रश्नच नाही. जून २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर कस्टमने थायलंडहून आलेल्या एका भारतीय प्रवाशाकडून विषारी साप पकडले. ४४ इंडोनेशियन पिट वायपर, इराणच्या बाजूचे ३ स्पायडर-टेल्ड हॉर्न्ड वायपर, सोबत ५ कासवं. आपल्याकडे जी सापाची लस मिळते ती चार सापांच्या विषावर बनते: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पौडच्या ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर सर्पदंशाचा रुग्ण आला की हीच लस टोचणार. आपल्याच ताम्हिणीतल्या चापड्याच्या विषासाठी ती बनलेली नाही, तर इंडोनेशियातल्या सापासाठी कुठून असणार? पेटीचं झाकण नीट बसलं नाही, साप निघाला, आणि चावला तो मालकाला नाही, घर पुसणाऱ्या बाईला. ती येते बसने, आसपासच्या वाडीवरून. काय चावलं हेही तिला सांगता येणार नाही. ब्रिटनमध्ये धोकादायक वन्य प्राण्यांसाठी १९७६ पासून वेगळा कायदा आहे. तिथे प्रश्न असा विचारतात की हा प्राणी शेजाऱ्याला धोका आहे का. आपल्या नोंदणीच्या रचनेत हा प्रश्न कुठे आहे, हे शोधावं लागतं. विषारी परदेशी साप खासगी घरात पूर्ण बंद, एवढं एक वाक्य नियमात यायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि साप सुटला तर काय होतं, याचं उदाहरण फ्लोरिडात आहे. तिथल्या एव्हरग्लेड्स या दलदलीत आज बर्मीज अजगर पसरले आहेत. ते पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आले आणि त्यांनी तिथले ससे, रॅकून, ओपोसम जवळजवळ संपवले. हा बर्मीज अजगर २००९ पर्यंत आपल्या भारतीय अजगराचीच उपजात मानला जात होता. म्हणजे आपल्या घरचा भाऊबंद तिथे परका शत्रू. अमेरिकेने २०१२ मध्ये संघराज्याच्या पातळीवर त्याला 'हानिकारक' ठरवून राज्याराज्यांतली वाहतूक बंद केली. साप विकणाऱ्यांच्या संघटनेने खटला भरला आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की तसा अधिकार कायद्यात नाही. मग पुन्हा ज्या त्या राज्याने आपापलं बघायचं. फ्लोरिडाने २०२१ मध्ये इग्वानासकट अनेक प्राणी बंदीच्या यादीत घातले, पण तोवर इग्वाना बागांत, कालव्यांत, छपरांवर होते. राज्यांवर सोडलेला कायदा कसा मागे पडतो, हे त्यात दिसतं. आपल्याकडे अनुच्छेद २५२ च्या मार्गाने ते टळलं, ही आमच्या मते त्या १९७२ च्या ठरावांची फार मोठी कमाई आहे आणि तिचं श्रेय सहसा कुणी देत नाही.

आपल्याकडे अजगरापेक्षा लाल कानाचं कासव जास्त जवळचं. नाण्याएवढं असताना विकत घेतात, ताटाएवढं झालं की घरात नको होतं. मग माणूस ते तळ्यात किंवा नदीत सोडतो आणि वर पुण्य केल्याचं समाधान घेऊन घरी येतो. मूळच्या कासवांचं खाणं, ऊन खायच्या जागा, सगळं ते बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. २०२२ च्या दुरुस्तीने कलम ६२-ए घालून केंद्राला अशा आक्रमक परकीय प्रजातींची आयात, विक्री, बाळगणं, प्रसार यांवर निर्बंध घालायचा अधिकार दिला. आमच्या दृष्टीने पूर्ण दुरुस्तीतलं सर्वांत दूरदृष्टीचं कलम हेच. कारण ते पहिल्यांदा प्राण्याच्या नावाऐवजी तो सुटल्यावर काय करील हे पाहतं.

वेळ होत आली. संयोजक घड्याळाकडे पाहत आहेत, आम्हाला दिसतंय. शेवटी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो, कारण व्याख्यानानंतर हेच विचारलं जातं. घरात आधीच परदेशी कासव किंवा इग्वाना असेल तर ते नदीत सोडू नका आणि लपवूही नका. आधी त्याची प्रजात नेमकी कोणती ते पशुवैद्यकाकडून ओळखून घ्या, चौथ्या अनुसूचीत असेल तर नोंदणीचा मार्ग विचारा, आणि सांभाळायचं नसेल तर वनखात्याला कळवा. चांदणी कासव असेल तर नोंदणीचा प्रश्नच येत नाही. तो आपला प्राणी आहे, घरात ठेवणं गुन्हाच आहे, त्यासाठी थेट वनखात्याकडेच जायचं. आणि शेतात धामण दिसली, तर तिला जाऊ द्या. तिला तिकडे काम आहे.

आता प्रश्न घेऊ.